मशीन बंद केल्यानंतरचा तास

मशीन घेतलंस, बरं केलंस. इचलकरंजीत वेल्डरला कामाला तोटा नाही. मागाचे अँगल, बीम ठेवायचे स्टँड, सायझिंगचे पाइप, घरांची ग्रिलं, जिने, आणि दसरा जवळ आला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग. हात कसा बसवायचा हे मोबाइलवर बघूनसुद्धा शिकशील. मी सांगतोय ते वेगळं आहे. आयटीआयच्या वर्षभरात मास्तर ते सांगतात, पण पोरं परीक्षेपुरतं ऐकतात. म्हणून चुलत्याच्या नात्यानं परत सांगतो.

या धंद्याची एक खोड आहे. इथं इजा उशिरा कळते. दुपारी काही होत नाही, डोळे पेटतात मध्यरात्री. जस्ताचा धूर पिऊन घरी येतोस, जेवतोस, आणि हुडहुडी भरते अंथरुणात. ठिणगी पडते पाचला आणि आग लागते आठला, मालक कुलूप लावून घरी गेल्यावर. त्यामुळंच 'मला इतक्या वर्षांत काय झालं नाही' म्हणणारे वेल्डर गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या नादाला लागू नकोस. उशीर न करणारी गोष्ट एकच, करंट. ती आधी घेऊ.

लोक घाबरतात रॉडला. खरी भीती असते ती बोर्डापासून मशीनपर्यंत येणाऱ्या केबलची. तुझं मशीन दोन फेजवरचं आहे, म्हणजे त्या केबलीत ४१५ व्होल्ट. गिऱ्हाइकाच्या दारात गेलास की पिन बसत नाही. मग टोकं सोलून सॉकेटात खुपसायची आणि काडेपेटीची काडी ठोकून ती घट्ट करायची, हा प्रकार तू रोज बघतोस. तो करायचा नाही. एक तर वेल्डिंगच्या लोडवर तो सैल जोड तापून वितळतो. दुसरं, कुणाचा तरी पाय केबलीत अडकतो आणि सोललेली टोकं उघडी, जिवंत, फरशीवर येऊन पडतात. स्वतःचा औद्योगिक प्लग आणि सॉकेट, त्याच्या आधी योग्य ताकदीचा एमसीबी, असा छोटा बोर्डच बनवून घे आणि कामावर बरोबर ने. किटकॅटमध्ये जाड तार घालून 'आता उडत नाही बघा' असं कौतुकानं सांगणारा मालक भेटला तर हात जोड आणि पुढं जा. उडणं हेच फ्यूजचं काम. खांबावर आकडा टाकायची गोष्ट तर माझ्यासमोर काढूही नकोस.

आता अर्थिंग. आपण दोन वेगवेगळ्या तारांना अर्थिंगच म्हणतो आणि तिथं घोटाळा होतो. जॉबला चिमटा लावतोस ती करंट परत मशीनकडं नेणारी तार. तिचा मशीनच्या डब्याशी संबंध नाही. डब्याला लागते ती हिरवी तार, थेट जमिनीच्या अर्थिंगला गेलेली. चिमटा लावलाय म्हणजे अर्थिंग झालं असं समजून पोरं हिरवी तार तोडून टाकतात. मग एखाद्या दिवशी आतली वाइंडिंग जळते, फेज डब्याला टेकतो, आणि डब्याचं हँडल फिरवायला गेलेला माणूसच जमिनीपर्यंतचा रस्ता होतो. नवीन जागी गेलास की मशीन चालू केल्यावर डब्याला आधी टेस्टर लावायचा, मग हात.

एक शहाणपणाची गोष्ट ऐक, ही भल्याभल्यांना माहीत नसते. हल्ली घराघरात आरसीसीबी असतो. तो असावाच, केबलीच्या बाजूला गळती झाली तर तो क्षणात सप्लाय तोडतो. पण होल्डरच्या बाजूनं शॉक बसला तर तो जागचा हलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आत दोन वाइंडिंग वेगळ्या असतात. रॉडचा करंट तुझ्या अंगातून जाऊन चिमट्याकडं परततो, बोर्डाकडं जातच नाही. बोर्डाला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा 'ट्रिप होईल की' या भरवशावर उघड्या हातानं रॉड बदलू नकोस.

आर्क पेटलेला असताना होल्डरवर पंचवीस-तीस व्होल्ट असतात. आर्क विझला, मशीन नुसतं घुं करत उभं राहिलं, की तेच ८० पर्यंत चढतात. म्हणजे धोक्याची वेळ काम चालू असतानाची नाही. एक रॉड संपून दुसरा लावताना ती येते, आणि त्याच वेळी माणूस हातमोजा काढून घाम पुसत असतो. ८० व्होल्ट ऐकायला कमी वाटतात. कोरड्या चामडीला ते झटका देऊन सोडतील, पण घामानं निथळणाऱ्या अंगाला, ओल्या चपलेला आणि चहूबाजूनं लोखंडाला टेकलेल्या माणसाला सोडत नाहीत. एसीचा करंट मूठ आवळतो, होल्डर टाकायचा म्हटला तरी टाकता येत नाही. ओल्या आणि अडचणीच्या जागेसाठी एसीची ही मर्यादा ४८ व्होल्टच धरलेली आहे.

आपल्या गावात अशी जागा म्हणजे सायझिंग. खळ शिजवायच्या टाकीत उतरून चीर जोडायचं काम येईल तुझ्याकडं. खाली ओल, वर वाफेनं धरलेला दमटपणा, पाठ टाकीला टेकलेली, वाकायला जागा नाही. तिथं साधा एसी ट्रान्सफॉर्मर न्यायचा नाही. डीसी इन्व्हर्टर ने, आर्क नसताना व्होल्टेज आपोआप खाली आणणारी सोय असलेला मिळाला तर तोच ने. वाफेचा आणि खळीचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घाल आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. पाठीखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट. मशीन टाकीच्या बाहेर, आणि मशीनच्या स्विचपाशी एक माणूस, ज्याचं दुसरं काहीही काम नाही. तो चहा आणायला गेला की तू वर यायचं.

पंचगंगेचं पाणी तू २०१९ ला आणि २०२१ ला बघितलंस; २००५ ला तू लहान होतास. पुरात बुडालेलं मशीन वरून कोरडं दिसलं म्हणून लगेच चालू करायचं नाही. आत वाइंडिंगच्या थरांत गाळ आणि ओल बसलेली असते. रिवाइंडिंगवाल्याकडून उघडून, धुऊन, वाळवून, मेगर लावून घ्यायचं. पावसाळ्यात उघड्यावर काम घेतलंस तर थेंब पडायला लागले की थांबायचं, गिऱ्हाईक कितीही चडफडलं तरी.

आणि समजा कुणाला लागलाच करंट, तर आधी मेन पाड. धावत जाऊन त्याला धरायचं नाही. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं केबल बाजूला कर. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात कर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोरात, रुग्णवाहिका येईपर्यंत. माणूस उठून 'काय नाही झालं' म्हणाला तरी आयजीएम हॉस्पिटलला नेऊन ईसीजी काढायचा. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

डोळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यांना होतं. नुसत्या डोळ्यांनी टॅक मारायचा, 'एकच टाका आहे' म्हणून. असे दहा टाके दिवसभरात होतात. सहा-आठ तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, दिवा बघवत नाही. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो. एक-दोन दिवसांत तो भरून येतो. तोवर अंधार, थंड पाण्याची पट्टी, डॉक्टरांनी दिलेलं औषध. बटाट्याची चकती, दूध, मध यातलं डोळ्यांत काही घालायचं नाही. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून घालणारे आहेत. दुखणं थांबतं, पण जखम भरायची थांबते. अडीच ते चार मिलिमीटरच्या रॉडला दहा किंवा अकरा नंबरची काच लागते. गॉगल लावून वेल्डिंग करणाऱ्याला मिस्त्री म्हणायचं नाही. हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक चष्मा ठेव, कारण स्लॅग ठोकताना आणि ग्राइंडर मारताना काळी काच वर असते आणि खपली सरळ डोळ्यात येते.

तुझ्यापेक्षा जास्त भोगतो तो हेल्पर. अँगल धरून उभा असतो, मान फिरवून, डोळे मिटून. पापणीतून थोडं जातंच आणि पांढऱ्या भिंतीवरून उलटूनही येतं. त्यालाही काच दे. रस्त्यावर काम करतोयस तर पत्रा किंवा जाड ताडपत्री आडवी लाव, शाळेतनं येणारी पोरं हटकून थांबून बघतात.

कपड्याचं सांगायला लाज वाटते, कापडाच्या गावात राहतो आपण. तरी आपले वेल्डर बाजारातला चमकणारा पॉलिस्टर टी-शर्ट घालून कामाला बसतात. ठिणगी पडली की सुती कापडाला भोक पडतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि काढताना कातडी घेऊन निघतं. शर्टाच्या शिवणीतून एक धागा ओढ आणि पेटव. जळक्या कागदाचा वास आला, बोटानं चुरली की राख झाली, तर सूत. धागा आकसून त्याचा काळा कडक मणी झाला, तर तो शर्ट लग्नाला घाल. जाड सुती पँट बुटाच्या वरून, खाली दुमड नको, दुमडीत ठिणगी बसून राहते. खिशात लायटर नाही, काडेपेटी नाही. पायात चामड्याचे बूट. कोल्हापुरी पायताण देवळात जाताना. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर. टूथपेस्ट, हळद, शाई, काही लावायचं नाही.

धूर. जीआय पाइपवर वेल्ड मारलास की पांढरा, लोकरीसारखा धूर उठतो, तो जस्ताचा. संध्याकाळी तोंडाला धातूची चव येते, मग थंडी वाजून ताप येतो, अगदी हिवतापासारखा. दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून त्याला कुणी मोजत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी ग्राइंडरनं काढ, आणि वाऱ्याकडं पाठ न करता वारा बाजूनं येईल असा बस, म्हणजे धूर तोंडासमोर साचत नाही. डोकं धुराच्या खांबात घालायचं नाही, जोड बाजूनं बघायचा. काम झाल्यावर गूळ खायची आपल्याकडं पद्धत आहे. खा की, कोल्हापूरचा गूळ आहे, काकू देईल. पण गूळ पोटात जातो, धूर गेलाय फुप्फुसात. रुमालानंही हा धूर अडत नाही, कण फार बारीक असतात. वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क वेगळा मिळतो, तो घे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. तू तर दोन्ही ओढतोस.

बॅरलचं काम कुणीही आणलं तरी नाही म्हणायचं. प्रोसेसवाल्यांकडची केमिकलची रिकामी बॅरलं गावात पाण्याला, धान्याला, कुठं कुठं वापरतात, आणि कुणी तरी येतो तोंड कापून द्या म्हणून. रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा वाईट. आत वाफ उरलेली असते, तिला हवा मिळालेली असते, कमी असते ती फक्त ठिणगी. धुऊन आणलंय, उन्हात वाळवलंय, असं सांगतील. नाहीच म्हणायचं. डिझेलच्या टाकीचंही तेच. आणि ट्रॉलीच्या डिस्कला तडा गेला असेल तर टायर पूर्ण उतरवल्याशिवाय रॉड लावायचा नाही. हवा सोडली तरी नाही. आत रबर तापून गॅस धरतो आणि टायर फुटतो. गळीत हंगामाच्या आधी घाईत हीच कामं येतात. ट्रॅक्टरवरच काही जोडायचं असेल तर बॅटरीची वायर सोडव आणि चिमटा जोडाच्या अगदी जवळ लाव.

आता मागाचं शेड. याच्यासाठीच खरं तर तुला बसवून घेतलंय.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. गंमत म्हणजे त्याच साली तिकडं स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्गनं एसाब कंपनी काढली, आणि लेप दिलेला रॉड त्याचाच, तुझ्या होल्डरमध्ये असतो तो. दोघांची गाठ आपल्या गावात रोज पडते. जुन्या साध्या मागाच्या बाजू बीडाच्या. बीडाला तडा गेला की मागाची देखभाल करणारा जॉबर तुला हाक मारणार. साध्या ६०१३ रॉडनं भराभर भरून दिलंस तर वरून छान दिसेल, आणि शेजारीच नवा तडा जाईल, कारण बीड ओढ सहन करत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाड, खाच कर, निकेलचा रॉड घे, एका वेळी इंचभरच मार, गरम असतानाच हलके हातोडे दे, हाताला सोसेल इतकं निवू दे, मग पुढचा इंच. पाणी ओतायचं नाही. कोरड्या चुन्यात किंवा राखेत झाकून ठेव. हे कारागिरीचं झालं म्हणशील, पण चालू मागावर तो जोड सुटला आणि धोटा उडाला, तर समोर उभ्या कामगाराचा डोळा जातो. तोही तुझ्याच वेल्डिंगचा अपघात.

चिमटा लांब कुठं तरी, दुसऱ्याच मागाला किंवा शेडच्या खांबाला लावून काम करायची सवय वाईट. करंट परतायला जवळची वाट शोधतो. शाफ्टमधून, बेअरिंगमधून, नाही तर मोटारीच्या अर्थिंगच्या बारीक तारेतून जातो. बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात आणि आठवड्यानं आवाज यायला लागतो. अर्थिंगची तार जळते, आणि ती जळालीय हे कुणालाच कळत नाही, पुढं मोटार डब्याला लागेपर्यंत. रेपियर किंवा एअरजेट असेल तर कंट्रोल पॅनेल आधी सोडवायला सांग, नाही तर कार्डाची भरपाई तुझ्या अंगावर येईल.

आणि तूस. मागाखाली, छपराच्या कैचीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, मोटारीच्या मागं, बोटाच्या जाडीचं साचलेलं असतं. मागाखालचं तेल पिऊन काळं झालेलं. कोरडं तूस भपकन पेटतं, ते निदान दिसतं. तेलकट तूस आणि दाबलेला कापूस आतून धुमसतो. ज्वाळा नाही, धूर जेमतेम, आणि ते तासन्‌तास चालतं. ठिणग्या ३५ फुटांपर्यंत उडतात असं धरून चालतात. आपली बरीच शेडं त्याहून मोठी नाहीत. म्हणजे अख्खं शेडच तुझ्या ठिणगीच्या टप्प्यात.

म्हणून जमेल ते काम काढून बाहेर अंगणात कर. आतच करायचं असेल तर शेजारचे माग थांबव, तागे, बाचकी, सुताचे कोन बाहेर काढायला लाव. बीमवर ताणा चढलेला असेल तर पत्रा झाक. तूस झाडूनं काढायचं, एअरच्या नळीनं नाही. नळीनं ते हवेत उडतं आणि हवेतलं तूस एकदम भडकतं. कैचीवरचंही काढ. त्यासाठी वर चढशील तर सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नकोस, फळी टाक. भिंतीला भोक आहे का बघ, पलीकडं दुसऱ्याचा कारखाना असतो. चॅनेल भिंतीत गेलेलं असेल तर उष्णताही पलीकडं जाते. पाण्याच्या बादल्या आणि अग्निशामक हाताशी. रॉडची थोटकं फरशीवर फेकायची नाहीत, पत्र्याचा डबा ठेव. खंडेनवमीला सगळे माग बंद आणि झाडून-पुसून लख्ख असतात. मोठं काम असेल तर आदल्या दिवशी, पूजा मांडायच्या आधी मागून घे. मालकालाही ते पटतं.

मग काम संपलं, मशीन बंद. इथून पुढचा एक तास तू तिथंच बसायचं. कारखानदार म्हणणार, 'मिस्त्री, झालं की काम, बसलाय कशाला?' त्याला आधीच, दर ठरवतानाच सांगायचं: अमुक मजुरी, त्यात तासभर राखण धरलीय. हा तास फुकट देऊ नकोस. फुकट दिलेला तास उद्या तूच टाळशील. घासाघीस करून तो तेवढा कापायला बघणारा असेल तर ते काम दुसऱ्याला जाऊ दे.

या तासात मोबाइल बघायचा नाही. दोन-तीनदा दिवे बंद करून अंधारात बघ, लाल ठिपका अंधारातच दिसतो. मागाखाली वाकून वास घे. ठिणग्या गेल्या होत्या त्या दिशेच्या कोपऱ्यांत उलटा तळहात धरून ऊब लागते का बघ. भिंतीपलीकडच्या माणसाला विचार. तासानं सगळं थंड असलं की चिमटा, केबल गुंडाळ, आणि रात्रपाळीच्या जॉबरला तुझा नंबर देऊन ये. आग दिसली तर आधी १०१ ला; नुसता जळका वास आला, दिसत काही नाही, तर मालकाच्या आधी तुला फोन आला पाहिजे, असं त्याला सांगून ठेव.